फाटक लावून जाणारा

फाटकाची तार सुटता सुटेना. वेनांडनं मागं वळून पाहिलं. माळावर धुळीचा लोट उठला होता आणि तो जवळ जवळ येत होता.

"ये की जरा दमानं, मेल्या," तो पुटपुटला. बोटं सोलवटली, पण तार एकदाची सुटली. फाटक करकरलं. सायकल पलीकडे ढकलली की टांग मारून सुटायचं, एवढंच बाकी होतं. पण हात आपसूक मागं गेले. कारूच्या कोरड्या माळावर, मेंढरांच्या मळ्यात जन्मलेला माणूस एक वेळ बापाला शिवी देईल, पण फाटक उघडं टाकून जाणार नाही. जसं सापडलं तसं ठेवायचं, हे तिथं पोरांना चालता येण्याआधी शिकवतात.

याच सवयीनं गेल्या वर्षीच्या सायकल शर्यतीत त्याचा घात केला होता. शेवटचं फाटक लावायला तो थांबला आणि केपटाउनचा गार्थ लोम्बार्ड बाजूनं निसटला. वर जाता जाता ओरडला, "लाव रे लाव, मेंढपाळा! मी पुढं जाऊन तुझी कॉफी टाकतो!" वेनांड सलग तिसऱ्यांदा दुसरा आला. घरी आईनं विचारलं, "मेंढरं नाही ना पडली बाहेर?" आणि जरा थांबून, "पहिला कोण आला म्हणालास?"

यंदा आई स्वतः आली होती. रीटक्लूफ गावच्या चर्चच्या आवारात, शर्यत संपते तिथंच, खुर्ची टाकून बसली असणार. तिला मळ्यावरून आणण्यापायी काल संध्याकाळची सूचनांची सभा त्याला चुकवावी लागली. त्याचं काही बिघडलं नव्हतं. दरवर्षी तेच सांगतात: टोपी घाला, पाणी प्या, शहामृगांच्या वाटेला जाऊ नका. गुडघ्याच्या डॉक्टरनं मात्र वेगळं सांगितलं होतं. ही शेवटची शर्यत. आज नाही तर कधीच नाही.

सकाळी सगळं दृष्ट लागावी असं जमलं. वारा पाठीशी, वाट मोकळी, एकदाही सायकलवरून उतरावं लागलं नाही. हँडलवरचं वाट दाखवणारं यंत्र एका दगडावर आपटून बंद पडलं, पण याच माळावर लहानाचा मोठा झालेल्याला वाट कोण शिकवणार? मोडक्या पवनचक्कीच्या चढावर त्यानं जीव खाऊन पायडल मारलं, गार्थला मागं टाकलं आणि मान खाली घालून, फाट्यावरच्या पाटीकडं न बघता, नेहमीच्या वाटेनं सुटला.

त्यानंतरचं हे तिसरं फाटक. प्रत्येक फाटकापाशी धुळीचा लोट थोडा मोठा दिसायचा. गार्थ नुसतं उघडून सुटत असणार, त्याला लावायची कसली चिंता, असं वेनांडला वाटलं आणि त्याचं डोकं फिरलं. त्यानं फाटक लावलं. मग तारेला आणखी एक पीळ दिला. मग आणखी एक, पक्कड लागेल असा.

बाप असता तर थोबाडीत दिली असती. वेनांडला लाज वाटली, पण पीळ काही त्यानं सोडवला नाही. तो निघाला.

ऊन डोक्यावर आलं. बाटलीत दोनच घोट उरले होते, तेही संपले. आयोजकांचं पाण्याचं टेबल अजून कसं आलं नाही? यंदा टेकडीपलीकडं मांडलं असेल. गुडघ्यात कळ गेली की तो आईची खुर्ची डोळ्यांपुढं आणायचा आणि पुढं रेटायचा.

मागून आवाज आला. "वेनांड! थांब! ए, थांब!"

"थांबतोय तुझा बाप!" वेनांड मोठ्यानं हसला. म्हणजे पिळलेली तारसुद्धा याला अडवू शकली नाही तर. दम संपला की हाका मारून समोरच्याचं लक्ष उडवायचं, ही शहरी युक्ती त्याला ठाऊक होती. खडीवरून मागचं चाक घसरलं, त्यानं सावरलं, वेग वाढवला. आवाज मागं पडला. थोड्या वेळानं पुन्हा आला, आता घोगरा.

टेकडी उतरला तर समोर चौथं फाटक. पाण्याचं टेबल नाही, माणूस नाही. तो उतरला आणि गुडघा मुडपला. फाटकाला धरून तो उभा राहिला. तार हातात धरवेना. मागं खडीचा कर्रकर्र आवाज वाढत गेला आणि शेजारी येऊन थांबला.

गार्थच्या दोन्ही तळहातांना रक्त लागलं होतं. त्यानं सायकल आडवी टाकली, स्वतः मातीतच बसला आणि पाण्याची बाटली पुढं केली.

"पी आधी."

वेनांडनं बाटलीकडं पाहिलं, हातांकडं पाहिलं. "त्या तारेचं... मी मुद्दाम केलं."

"कळलं ते. पी."

"दया दाखवतोस होय माझ्यावर?" वेनांड चिडला. त्याला रडू येत होतं. "जा ना पुढं! हे घे, उघडतो मी. तू जा, जिंक. मी लावतो मागनं, नेहमीसारखं."

गार्थ हलला नाही. त्याचा घसा पार बसला होता. "काल सभेला नव्हतास ना तू?"

"आईला आणायला गेलो होतो."

"गेल्या वर्षी तुझं जे झालं, त्याची आयोजकांना लाज वाटली रे. यंदा शर्यतीच्या वाटेवरचं एकूण एक फाटक त्यांनी आधीच उघडून बांधून ठेवलंय." त्यानं मान वर केली. "पवनचक्कीपासून तू किती फाटकं उघडलीस, वेनांड?"