धांड्याचा बैल

"सांगतो, पण तुले काही पटणार नाही. आजपर्यंत कोणालेच पटलं नाही," शालिकराम म्हणाले. "माया बैलाचे दात सावनेरच्या दलालानं मोजले होते."

शामलानं मान वर केली नाही. "लाकडाच्या बैलाले दात नसतात, आबाजी."

"लाकडाचा कुठं होता? धांड्याचा. असाच."

असाच म्हणजे तिच्यासमोर फरशीवर उभा होता तसा. ज्वारीचं वाळकं धांडं सोलून, आतल्या मऊ भेंडाचे तुकडे सालीच्या काड्यांनी जोडून शालिकरामांनी तो सकाळपासून बनवला होता. पोट फुगलेलं, मान एका बाजूला, अन् पाय चार असले तरी टेकत तीनच.

आज चौऱ्याहत्तर सालचा तान्हा पोळा होता, पोरांच्या बैलांचा सण. इतवारीतल्या त्यांच्या गल्लीत दारोदारी पोरांचे लाकडी बैल झुली पांघरून तयार होते. रंगवलेले, चाकांचे, घुंगरांचे. चार वाजता मैदानात सगळे तोरणाखाली रांगेत उभे राहणार, पहिला नंबर निघणार, मग घरोघर फिरून बोजारा, म्हणजे बैलाची ओवाळणी, मागायची. शामलाचा लाकडी बैल माळ्यावर वाळवीनं खाल्ला होता. ते कळलं काल संध्याकाळी, अन् तोवर बाजार उठला होता.

आठ वर्षांची पोर. हे बुजगावणं घेऊन मैदानात जाणार नाही, असं तिनं जाहीर केलं होतं. या वर्षी नाही, अन् यापुढे कधीच नाही.

"थो ओमप्रकाश मले हसन ना," ती म्हणाली. ओमप्रकाश समोरच्या घरातला. त्याच्या बैलाला काचेचे डोळे होते.

"हसू दे. मायावर बी हसले होते. तोरणाखाली माया बाजूले मालगुजाराचा पोट्टा. त्याचा सागवानी बैल हा एवढा, न माया हा एवढासा. सारे पोट्टे हसून राहिले. मी काय केलं? खिशातून भिवापूरची मिरची काढली न माया बैलाच्या जिभेले चाटवली."

"मंग?"

"मंग काय! असा उधळला का मैदानाले तीन चकरा. मालगुजाराचा बैल भिऊन मागं पळाला. चाकं होते न त्याले! तवाच थो दलाल आला. तोंड उघडून दात मोजले, न म्हणे, चारदाती हाये, याचा जोडीदार कुठं हाये?"

शामलाच्या ओठांचा एक कोपरा हलला. पण पोर वकिलासारखी होती.

"नाव काय होतं त्याचं?"

"नाव?" शालिकरामांनी छताकडे पाहिलं. "पवन्या."

"कोणी शिकवला बनवाले?"

"शिकवा लागते का? आमच्या वेळी पोट्ट्याच्या हातात धांडं दिलं का बैल झालाच म्हणून समज. बैल, बंडी, बंडीवर बसणारा पाटील."

"मंग सकाळपासून तीन मोडले काहून?"

"ही हायब्रीड ज्वारी, वं. हिच्या धांड्यात दमच नाही."

बैलाचं एक शिंग निसटलं होतं. शालिकरामांनी लाल दोरा घेतला, शिंगाला लावला, बोटं जरा हलली, अन् गाठ बसली. शामलाला ती बसताना दिसलीच नाही.

"पुन्हा दाखवा."

त्यांनी पुन्हा दाखवली. पुन्हा दिसली नाही. तिनं पहिल्यांदाच तो बैल उचलून मांडीवर घेतला अन् गाठीवरून बोट फिरवलं.

कोपऱ्यात शालिकरामांची मोठी बहीण जिजाबाई तांदूळ निवडत होत्या. पोळ्यासाठी म्हणून सावनेरहून आल्या होत्या. सकाळपासून भावाच्या कारागिरीवर त्यांनी एक शब्द काढला नव्हता. शामला त्यांच्याकडे वळली.

"आत्याआजी, तुमी खरं सांगा. होता आबाजीचा बैल?"

जिजाबाईंचा हात सुपात थांबला. शालिकराम पुन्हा छत पाहू लागले.

"होता म्हणजे? मीच ओवाळलं होतं त्याले," जिजाबाई म्हणाल्या. "मेल्यानं कुंकवासकट मायं बोट चाटलं."

"अन् पहिला नंबर?"

"त्याचाच."

"अन् दात? दलालानं मोजले?"

"ते मी नाही पाह्यलं, बापा. मिरचीनं त्याचं तोंड सुजलं होतं."

शामला खो खो हसली. मग उठली. शालिकरामांच्या जुन्या धोतराचा काठ झूल म्हणून बैलाच्या पाठीवर टाकला. बाहेर ढोल वाजू लागला होता. दारात ती थांबली.

"अन् ओमप्रकाश हसलाच तर?"

"तर सांग त्याले, याले अजून मिरची चाटवली नाही."

ती गेली. गल्लीतून तिचा आवाज आला, "सरक तिकडं, ओमप्रकाश! पवन्याच्या खानदानातला हाये हा!" अन् कोणी हसलं नाही. चार-पाच पोट्ट्यांचे आवाज एकदम आले, "पाहू वं, पाहू! कसा बनवला? मले बी शिकव ना!"

शालिकराम चौकटीला टेकून ऐकत राहिले. ढोल मैदानाकडे सरकला. त्यांचा चेहरा असा फुलला होता की आता थांबणं त्यांच्या हातात नव्हतं.

"बाई, तुले आठवते ना," ते म्हणाले, "तोरणाखाली कशी गर्दी उसळली होती? पवन्याले पाहाले?"

जिजाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"लबाडा, पोरीसाठी मी हो म्हटलं. आता मले बी सांगून राहिला का? थे तोरण ना तू पाह्यलं, ना मी. तू सहाचा न मी आठची, कारखान्यात बसून विड्यांले दोरा बांधत होतो आपण. ढोल तेवढा भिंतीपलीकडून ऐकू ये. आज सकाळी बनवला ना, थोच तुया जिंदगीतला पहिला बैल होय, शालिक."