महिन्याच्या दोन घोंगड्या

रेणुकाने घोंगडी काउंटरवर उलगडली आणि व्यंकटीला म्हणाली, "आधी वास घ्या, भाऊ. मग बोला."

व्यंकटीने वाकून वास घेतला. देवगाव फाट्यावर त्याचं चादरी-ब्लँकेटचं दुकान होतं. मागे छतापर्यंत मिलच्या घोंगड्यांच्या थप्प्या, प्रत्येक घोंगडी प्लास्टिकच्या पिशवीत. बाहेरचा माल आणून कुणी त्याचा वास घ्यायला लावावं, हे त्याच्या दुकानात पहिल्यांदाच घडत होतं. पण माणूस सोशिक होता.

"चिंचोक्याची खळ हाय," तो म्हणाला.

"मिलवाले लावतात का?"

"न्हाई लावत."

अर्धी लढाई जिंकली असं रेणुकाला वाटलं. परभणीहून येताना एसटीत तिने सगळं मनात घोळवलं होतं. मिलची घोंगडी चार पावसाळ्यांत विरते, हातमागाची नातवंडांना पुरते, हे तिने एका दमात सांगून टाकलं. पंधरा वर्षं शाळेत शिकवल्यावर माणसाला एका दमात बोलायची सवयच लागते. एक गोष्ट मात्र तिने गिळली. ही घोंगडी तिच्या वडिलांची होती. फाट्यावर बोललेलं गावात पोचायला वेळ लागत नाही, आणि लेक आपल्यासाठी दुकानदारापुढे पदर पसरते हे कानावर गेलं असतं तर रंगनाथने जेवण सोडलं असतं.

जेवण सोडण्यात तो मुरलेला होता. तीन वर्षांपूर्वी रेणुकाची आई गेली तेव्हा त्याने अंथरूणच धरलं. परभणीला येईना, औषधाला हात लावीना. मिलच्या मालाने बाजार गिळला होता, त्यामुळे मागही धूळ खात पडलेला. शेवटी रेणुकाने आपल्या शाळेतल्या शिवप्रसाद क्लार्कला गाठलं. त्याचं गाव रंगनाथच्या गावाच्या पुढेच होतं. महिन्यातून एकदा त्याने तिथे थांबायचं, परभणीत घोंगडीला फार मागणी आहे असं ठोकून द्यायचं आणि रेणुकाच्या पैशांनी दोन घोंगड्या विकत घेऊन यायचं.

रंगनाथ उठून बसला. पंधरा दिवसांत भाकरी मागायला लागला. रेणुका त्या दिवशी शाळेच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर रडली आणि तिला त्याची लाजही वाटली नाही.

घर मात्र भरत गेलं. दिवाणात घोंगड्या, माळ्यावर घोंगड्या, शेजारणीच्या कपाटातही चार. आता फक्त मेंढ्या आणायच्या राहिल्यात, असं नवरा म्हणायचा.

वडिलांना मागावर बसलेलं तिने लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं. घरची रीतच तशी होती. मागावर ताणा चढला की सासरी दिलेल्या लेकीने त्या खोलीत पाय टाकायचा नाही. ती माहेरी गेली की रंगनाथ भिंत धरत धरत ओसरीवर येई, "कोण, रेणू का?" म्हणून विचारी आणि बापलेक तिथेच बोलत बसत. दाराला कडी असे. वडील थकले, हे तिला दिसत होतं आणि वाईटही वाटत होतं. पण कामात कसूर नव्हती. उलट हल्ली काठ असे सरळ येत, की जवानीतही त्याला ते जमले नव्हते.

आता शिवप्रसाद नोकरी बदलून नांदेडला गेला होता. रंगनाथ वाट बघेल, वाट बघून थकेल आणि पुन्हा अंथरुणाला पाठ लावेल, या भीतीने तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. म्हणून यावेळी खोटं नको, खरं दुकान हवं होतं.

व्यंकटीने घोंगडी उलटी केली. काठावरून अंगठा फिरवत नेला, एका कोपऱ्यापाशी थांबला.

"कुणी इणली म्हणलात?"

"इथून दोन कोसांवर माळाची वस्ती आहे ना, तिथले रंगनाथ."

"तुमी त्यांच्या कोण?"

"कुणी नाही. परभणीची. ओळखीची."

व्यंकटीने चहा सांगितला. घोंगडीची घडी घालून ती बाजूला ठेवली आणि चहा संपेपर्यंत कापसाच्या भावावर बोलत राहिला. रेणुकाला राहवेना. महिन्याला त्यांच्याकडून दोनच घ्या, ती म्हणाली. नाही खपल्या तर मीच परत नेईन, पण त्यांना कळता कामा नये. त्या माणसाचा जीव मागात आहे, असं म्हणताना तिचा आवाज भरून आला. ओळखीच्या बाईचा आवाज एवढा भरून येत नसतो, हे ध्यानात येऊन तिने रिकामाच कप तोंडाला लावला.

व्यंकटीने बाहेर बघितलं. मग आवाज खाली आणला.

"ताई, भल्या दिसता म्हणून सांगायलोय. ही घोंगडी माझ्याच दुकानातली हाय, कोपऱ्याला मिलचं लेबल उसवल्याची खूण हाय बघा. नजर गेल्यापासून रंगनाथमामाचा माग बंद हाय. दोन वर्षं झाली की. महिन्याला दोन हितूनच नेतेत, खळ तेवढी घरी लावतेत."

रेणुकाने घडी घातलेली घोंगडी जवळ ओढली. कशासाठी, एवढंच तिने विचारलं.

"परभणीला लेक हाय त्यांची. माणूस धाडून घोंगड्या चोरून तीच घेती, हे त्यांना पयल्यापासून ठाऊक हाय. म्हणतेत, माय गेल्यापासून पोरीचा जीव त्या घोंगड्यांतच अडकलाय. माग बंद पडला म्हणून सांगितलं, तर ती अंथरूण धरील."