पांढरी रेघ

"उठू नका!" देसांका दारातूनच ओरडली.

लांब टेबलाभोवतीची बारा माणसं तिच्याकडे वळली. तिच्या अंगात अजून वर्कशॉपचा एप्रन होता आणि खांद्यावर माल आवळायचे दोन पट्टे. खिडकीजवळ, तिनेच बनवलेल्या स्टुलावर, म्हातारे बुदिमीर बसले होते. वजन एकशे अठरा किलो.

"कोण उठतंय?" बुदिमीर म्हणाले. "मासा आल्याशिवाय मी हलायचा नाही."

स्टूल जुन्या मोटारीच्या शॉक ॲब्सॉर्बरचं होतं. तळाला ब्रेकची चकती, मधे दाबून बसवलेली जाड स्प्रिंग, तिच्यावर पोलादी वाटी आणि वाटीवर अक्रोडाची फळी. स्प्रिंग दाबून धरायला एकच नट. जुना गंजला होता म्हणून देसांकाने नवा, चकचकीत लावला होता. आज सकाळी दुसरं स्टूल जुळवताना तिच्या लक्षात आलं की नव्या डब्यातल्या नटांचे आटे वेगळे आहेत. दोन फेरे जातात आणि अडकतात. हाताला वाटतं, घट्ट बसला.

पहिलं स्टूल तिने आठवड्यापूर्वीच भावाला दिलं होतं, घराच्या संताच्या सणासाठी. तिने त्याला सात वेळा फोन लावला. सणाच्या दिवशी मिलूतिन फोन कपाटात ठेवतो.

ती बुदिमीरांच्या पायाशी गुडघ्यांवर बसली. "मिस्त्री, नट चुकीचा आहे," ती हळूच म्हणाली. "तुम्ही बसला आहात तोवर स्प्रिंगचा जोर तुमच्या वजनावर आहे. उठलात की सगळा नटावर येईल. आठवडाभर टिकला, आता कधीही सुटेल आणि फळी उडेल."

"किती आटे धरलेत?"

"दोन."

बुदिमीरांनी हातातला ग्लास खिडकीत ठेवला. मोटारींच्या कारखान्यात वीस वर्षं ती त्यांच्या हाताखाली नट आवळत होती. "तोंड बाजूला ठेवून काम कर," ते म्हणाले.

तेवढ्यात फादर आत आले. खुर्च्या सरकल्या, सगळे उभे राहिले. सणाचा गोल पाव कापताना या घरात कोणी बसत नाही. यजमान तर दिवसभर बसत नाही.

"मिस्त्री, उभे राहा," मिलूतिन म्हणाला. "की माझ्या बहिणीनं स्टुलाला डिंक लावलाय?"

कोणीतरी हसलं.

"गुडघा धरलाय," बुदिमीर म्हणाले.

"गुडघा! मघाशी अंगणातून ब्रँडीची बाटली बघून पळत आलात."

"तेव्हाच धरला."

"बसू दे रे, मिलूतिन," फादर म्हणाले आणि त्यांनी मेणबत्ती पेटवली. मिलूतिनच्या मानेची शीर मात्र ताठ झाली. घरच्या संतासमोर त्याचा मानाचा पाहुणा बसून होता आणि बहीण एप्रन घालून जमिनीवर.

प्रार्थना सुरू झाली. देसांकाने पहिल्या पट्ट्याचा एक आकडा पोलादी वाटीच्या कडेला अडकवला, दुसरा खाली चकतीच्या भोकात. पट्टा आवळताना त्याच्या खटक्याचे दाते कडकड वाजले. समोरच्या दोन बायकांना वाटलं ती भक्तीने गुडघे टेकून आहे. त्यांनीही छातीवर क्रूसाची खूण केली.

वहिनी शिजवलेल्या गोड गव्हाचं भांडं घेऊन स्टुलाच्या अगदी मागे उभी होती.

"वहिनी, टेबलापलीकडे जा."

"आत्ता?"

"आत्ता. पाया पडते तुझ्या."

वहिनी गेली. फादरनी पाव उलटा करून कापला, कापावर वाईन ओतली, आणि सगळे गाऊ लागले. बुदिमीरांचा हात आपोआप खिडकीच्या कडेवर गेला. साठ वर्षं या गाण्याला ते उभे राहत आले होते. फळी किंचित वर आली. नट टक्कन वाजला.

देसांकाने दोन्ही हातांनी त्यांच्या मांड्या खाली दाबल्या. ते परत बसले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. गाणं चालूच होतं.

दुसऱ्या पट्ट्याचा वरचा आकडा लागेना. बुदिमीरांनी खाली न पाहता हात घातला, वाटीची कड चाचपली आणि आकडा तिथे धरून ठेवला. तिने पट्टा आवळला, दाते फिरेनासे होईपर्यंत.

"उठा, मिस्त्री."

"दोन्ही बघितलेस?"

"बघितले."

"परत बघ."

तिने दोन्ही पट्टे परत ओढून पाहिले. मग ती बाजूला सरकली. बुदिमीर इंचाइंचाने उठले. त्यांच्यामागून फळी बोटभर वर आली, पट्टे करकरले, आणि ती थांबली.

"गुडघा बरा झाला!" मिलूतिन म्हणाला. "पावला एकदाचा संत."

बुदिमीर हसले नाहीत. ते वाकले आणि त्यांनी फळीखालच्या फटीत पाहिलं. चकचकीत नटावर, सांध्याला आडवी, पांढऱ्या रंगाची बारीक रेघ होती. तपासून घट्ट ठरलेल्या नटावरच ओढायची ती रेघ त्यांनीच देसांकाला शिकवली होती.

वहिनीने गव्हाचं भांडं पुढे केलं. त्यांनी एका हाताने तिला थांबायची खूण केली, दुसरा हात फटीत घातला, आणि नखाने ती रेघ खरवडायला सुरुवात केली.