अकरा नकला

बापाशी भांडून कौस्तुभ घरातून निघून गेला, तेव्हा त्या बापाने, दिग्रसच्या दिनकररावांनी, त्याच्यासाठी इंटरनेटवर एक पान केलं. 'कौस्तुभ, घरी ये', आणि खाली त्याच्या आईचा नंबर, कारण बापाशी तो बोललाच नसता. पुढे ती वारली, नंबर बंद झाला. मग त्यांनी त्याच पानाच्या अकरा नकला काढल्या, कुठे पुसदचं नाव टाकलं, कुठे वणीचं, आणि त्या अकरांवर स्वतःचा नंबर घातला; पहिलं पान तसंच राहिलं. दोन वर्षं एक फोन आला नाही.

शेवटी वेबसाइट बनवणाऱ्या शेजारच्या केतकीने ती पानं तपासली.

"काका, पहिल्या पानाच्या कोडमध्ये एक ओळ आहे, की मूळ पान या पहिल्या पत्त्यावरचंच. नकलेसोबत ती ओळही अकरा ठिकाणी गेली. एकच मजकूर बऱ्याच पत्त्यांवर असला की गूगल मूळ तेवढं दाखवतं. लोकांना अजून काकूंचाच नंबर दिसून राह्यला."

तो नंबर दिनकररावांना पाठ होता. लावला, तर वाजला. कंपनीने तो केव्हाच वणीच्या एका ट्रकवाल्याला दिला होता.

"या नंबरवर कोणी पोरगा फोन करायचा का हो?"

"हाव नं! महिनाभर रोज करे, 'आई आहे का' म्हणून इचारे."



"मग?" दिनकररावांनी विचारलं.

"मंग कटाळून म्याच सांगतलं त्याले, तुयी माय नाही इथं बावा, पुन्हा फोन नोको करू."