पैसे समुद्राचे

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी शहराबाहेरचा ऐसपैस बंगला विकला, त्या पैशांत जन्माची कमाई ओतली आणि भर शहरात, बंदरासमोर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. न्हाणीघर इतकं चिंचोळं, की साबण उचलायला वाकायचं तर आधी दार उघडावं लागे. पण दिवाणखान्याच्या खिडकीत अख्खा समुद्र होता, आणि बाई तो पाहुण्यांना असा दाखवत, जणू पाणी त्यांनीच भरून ठेवलंय.

खटकत होता तो फक्त जहाजांचा भोंगा.

"अगं, बंदराला खेटून घर घेतलं, तर भोंगा वाजणारच," नवरा म्हणाला.

"मी पैसे समुद्राचे मोजलेत, भोंग्याचे नाही!"

बाई हात धुऊन बंदराच्या मागे लागल्या. पेशंटच्या तोंडात कापूस कोंबलेला असतानाच त्या अर्ज पुढे करत. नाही म्हणायची सोयच नसे. सह्या झाल्या, मोर्चे झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी सरकारने कंटाळून जुना धक्काच बंद केला आणि जहाजं दूरच्या बंदरात हलवली. सोसायटीने बाईंचा सत्कार केला. बाईंना दुपारची गाढ झोप लागू लागली.

अशाच एका दुपारी कुठल्याशा बिल्डरच्या माणसाचा फोन आला.



"मॅडम, तुमच्या खिडकीसमोर, धक्क्याच्या जागेवर आमचा चाळीस मजली टॉवर येतोय, जागा तुमच्याच कृपेने मोकळी झाली, म्हणून समुद्र दिसणारा पहिला फ्लॅट आधी तुम्हालाच विचारतोय!"