रविवारची दुरुस्ती

“आता कशाला करतोस हे?” अनुयाने विचारलं. आवाज तिने खालीच ठेवला होता, कारण श्रिया तिथेच जमिनीवर वह्या पसरून होमवर्क करत होती.

“नवाकोरा लॅपटॉप आहे. असा कसा टाकून द्यायचा?” प्रबोध म्हणाला आणि त्याने पेनड्राइव्ह खोचला.

कंपनीने नोकरीबरोबर लॅपटॉपही काढून घेतला, तेव्हा सिंगापूरच्या सेंगकांग भागातल्या मॉलमधून त्याने हा सगळ्यात स्वस्तातला उचलला होता. खोक्यातून बाहेर काढल्यापासून तो रडतच होता. सुरू होईपर्यंत चहा होऊन जायचा. एक खिडकी उघडली की दुसरी अडकायची. आणि मुलाखतीच्या दिवशी तर त्याने घातच केला. रॅफल्स प्लेसमधल्या एका बँकेची शेवटची फेरी होती. प्रबोध बोलत असताना स्क्रीनवरच्या तिघांचे चेहरे गोठले. तो तसाच बोलत राहिला. चित्र पुन्हा हललं, तेव्हा त्यातल्या बाई घड्याळाकडे बघत होत्या. “मध्येच तुम्ही गेलात,” त्या इंग्रजीत म्हणाल्या, “पण असू दे. आम्हाला अंदाज आला.”

शुक्रवारी नकार आला. इथे राहायचा वर्क पास संपायच्या आत दुसरं काही मिळण्यासारखं नव्हतं. काल दोघांनी शेजारी बसून पुण्याची तिकिटं काढली. श्रियाला आज सांगायचं, असं ठरलं. कोणी सांगायचं, ते ठरलं नव्हतं.

काम तसं साधं होतं. लॅपटॉपमधली मूळची जड ऑपरेटिंग सिस्टीम काढायची आणि हलकं लिनक्स घालायचं. कॉलेजात त्याने हॉस्टेलमधल्या कितीतरी पोरांची मशीन अशी पळती करून दिली होती. मुलाखतीच्या आधीही एका दुपारी हे उरकलं असतं. पण तेव्हा अर्ज पाठवायचे होते, फोन करायचे होते, आणि चालू आहे ते उघडून बसायचं धाडस झालं नाही. अनुयाने एकदाही तसं बोलून दाखवलं नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत होतं.

डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, असं स्क्रीनने बजावलं. त्याने होकार दिला.

श्रिया उठून त्याच्या खांद्याला टेकून उभी राहिली. “फास्ट होणार, बाबा?”

“होणार.”

“मग नेक्स्ट टर्मचं प्रोजेक्ट मी यावरच करणार लाह,” ती इथल्या पोरांसारखी म्हणाली. “वर्गातल्या मेलिंगला पण सांगते.”

अनुया उठून स्वयंपाकघरात गेली. सिंकमध्ये भांडी नव्हती, तरी नळ सुरू झाला.

खिडकीसमोरून एलआरटीची छोटी ट्रेन सरकत गेली. घड्याळ लावण्यासाठी स्क्रीनवर जगाचा नकाशा आला. वर इंग्रजीत एक ओळ होती, ती श्रियाने मोठ्याने वाचली, “व्हेअर आर यू?”

इंटरनेटवरून मशीनने स्वतःच ओळखलं होतं. सिंगापूरवर खूण आधीच आली होती, फक्त पुढे जायचं बटण दाबायचं बाकी होतं. प्रबोधचा हात माउसवर थांबला. मग त्याने बाण डावीकडे वर नेला, समुद्रापलीकडे, आणि क्लिक केलं. खाली ‘कोलकाता’ असं नाव उमटलं.

“राँग, बाबा! कोलकाता काय? आजी पण पुण्यात असते.”

“भारतात सगळीकडे तेच घड्याळ असतं.”

“पण आपण इथे आहोत ना!”

नळ बंद झाला. अनुया ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. प्रबोधने तिच्याकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली.

“श्रिया,” तो म्हणाला, “आपण पुण्याला चाललोय.”

“हॉलिडेला?”

“नाही गं. राहायला.”

ती आधी आईकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. कोणीतरी हसेल आणि मस्करी होती म्हणेल, याची वाट बघत असल्यासारखी. कोणी हसलं नाही. मग ती वाकली आणि तिने मलेशियाच्या टोकाशी बोट टेकवलं.

“परत इथे कर,” ती म्हणाली. तिचा आवाज फाटला. “ते आत्ताचं विचारतंय, बाबा. आत्ता कुठे आहात.”

प्रबोधने बाण परत आणला. पण तिने बोट काढलं नाही, आणि त्या एवढ्याशा बोटाखाली सगळं सिंगापूर झाकून गेलं होतं.