आई-वडिलांसकट

फोनवर होल्डची पिपाणी ऐकत शार्दूल खिडकीतून मागच्या दोन खोल्यांकडे बघत होता. डोंबिवलीचा फ्लॅट विकून बाबांनी, म्हणजे पद्माकररावांनी, सातासमुद्रापार ट्रुगानिनातल्या शार्दूलच्या ह्या परसात त्या बांधून घेतल्या होत्या. ओटा वेगळा, दार वेगळं, आईची कढीपत्त्याची कुंडीसुद्धा वेगळी.

पण आता विद्यार्थ्यांचं पेव फुटलं होतं. खोलीसाठी पोरं हातापाया पडत होती. शार्दूलने चौघांना शब्दही देऊन टाकला होता. आई-बाबांनी घरातल्या स्टडीत यायचं, एवढंच! स्टडीत पलंग टाकला की दार उघडत नाही, हे त्याच्या लेखी किरकोळ. बाबा मात्र स्पष्ट ‘नाही’ म्हणाले होते.

आता त्यांना कायद्याने कसं हलवायचं, हे विचारायला त्याने लीगल प्लॅनला फोन लावला होता. प्लॅन त्याच्या युनियनचा. महिन्याला कॉफीच्या पैशांत वकील, आणि थोडे जास्त भरले की सभासदाचे आई-वडीलही त्यात. शार्दूलने ते भरले आणि मिरवला किती, काही विचारू नका! “आई-वडिलांसाठी एवढं कोण करतं हो?” असं घरोघरी सांगून आला. सुपरमार्केटात शिफ्ट करणारा त्याचा मुलगा वेद जेवताना म्हणालाही, “अवर युनियन हॅज दॅट टू, डॅड.” पण लक्ष कोण देतो?

बाबांना मात्र त्याने बजावलं होतं, “पैसे भरलेत, बाबा. मृत्युपत्र करा, काहीही विचारा, पण फुकट घालवू नका.” हे कुणाला सांगितलं? हॉटेलातली बडीशेपही पुडीत बांधून आणणाऱ्या माणसाला.

पिपाणी थांबली. वकीलबाई लाइनवर आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि समोरच्या पार्टीचं नाव विचारलं.

“माझे वडील. पद्माकर चिरपुटकर,” शार्दूल म्हणाला आणि सवयीने स्पेलिंग सांगू लागला.

“चिरपुटकर,” ती न अडखळता म्हणाली. इतक्या वर्षांत ऑफिसात हे कुणालाच जमलं नव्हतं. शार्दूलला उगाच बरं वाटलं.

मग ती म्हणाली, “सॉरी, ह्या प्रकरणात आम्हाला तुमचं काम घेता येणार नाही. कारण सांगता येत नाही. तुम्ही बाहेरचा वकील बघा.”

मग ते न अडखळलेलं आडनाव शार्दूलला आठवलं. तो तणतणत परसात गेला. आई-बाबा पायरीवर बसून मेथी निवडत होते.

“बाबा, माझ्याच प्लॅनवर माझ्याच विरुद्ध वकील?”

“तूच म्हणालास ना, फुकट घालवू नका,” बाबा म्हणाले. “बाई हुशार आहे हो. आडनाव शिकवताना घाम फुटला, पण शिकली. म्हणाली, घर विकून बांधलंत, हलू नका.”

शार्दूल लाल झाला. रागाने की लाजेने, त्याचं त्यालाच कळेना. “मी आत्ताच्या आत्ता तुमची नावं काढतो!”

“काढ की,” बाबा म्हणाले. “तिने काम घेतलंय आता, ते काही सुटत नाही.”

आईने निवडलेली मेथी परातीत टाकली. तिला खरोखरच लेकाची कीव आली होती.

“बाहेरचा वकील तुला परवडायचा नाही रे,” ती म्हणाली. “तू वेदशी जरा गोडीने वाग. त्याच्या युनियनमध्येही आई-वडिलांना घेतात म्हणे.”